नलारबोरच्या वाटेवर दोघे : ॲडलेड ते नॉर्समन

ऑस्ट्रेलियात निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून कॅरव्हॅन घेऊन निघणाऱ्या वृद्ध जोडप्यांना 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात. गेली तीन वर्षे आम्ही दोघेही त्यांच्यातलेच आहोत. यांची नोकरी संपली, माझी शाळेतली शिकवणी थांबली, मुले आपापल्या संसारात रमली, आणि वर्षातले पाच-सहा महिने आम्ही गाडीमागे जोडलेल्या एकोणीस फुटांच्या घरात राहू लागलो. मरी नदीच्या काठाने आम्ही हिंडलो, फ्लिंडर्सच्या डोंगरांत महिनाभर राहिलो. पण नलारबोरच्या ओसाड पठारावरून पश्चिमेकडे जाणारी वाट मात्र मी दरवर्षी पुढे ढकलत होते. कारण एकच होते, पाणी. साताऱ्याच्या माण तालुक्यात दहिवडीजवळच्या खेड्यात माझे बालपण गेले आणि १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरताना ज्याने पाहिले आहे, तो माणूस पाणी नसलेल्या बाराशे किलोमीटरच्या रस्त्याकडे सहल म्हणून सहज पाहू शकत नाही. या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही तो रस्ता ओलांडला. त्याची ही हकिगत.

पहिला आणि दुसरा दिवस : ॲडलेड, किंबा, सेडूना

पोर्ट ऑगस्टापर्यंतचा तीनशे किलोमीटरचा रस्ता पूर्वी अनेकदा झालेला असल्यामुळे आम्ही कुठे फारसे थांबलो नाही. तिथून आयर महामार्ग सुरू होतो. पहिला मुक्काम किंबा या गव्हाच्या गावी केला. गावातल्या धान्याच्या उंच कोठारांवर गव्हाच्या शेतातला सूर्यास्त आणि शेताकडे पाहणारी एक मुलगी रंगवलेली आहे, आणि संध्याकाळचे खरे ऊन त्या चित्रातल्या उन्हावर पडते तेव्हा दोन्हींमधली सीमा पुसली जाते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या मध्यावर हे गाव आहे, अशी पाटीही तिथे अभिमानाने लावलेली आहे. रात्री थंडी चांगलीच होती. पिठले, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी असे जेवण करून आम्ही आठ वाजताच झोपलो.

सेडूना हे समुद्रकाठचे गाव नलारबोरच्या अलीकडचे शेवटचे मोठे बाजाराचे ठिकाण आहे. इथल्या परिसरातली कालवे प्रसिद्ध आहेत. यांचे आजोळ रत्नागिरीचे, त्यामुळे यांनी बंदरावर उभ्या उभ्या डझनभर कालवे खाल्ली आणि लिंबू पिळता पिळता आजीच्या कोयतीची आठवण काढली. मी माझ्या कामाला लागले. कॅरव्हॅनच्या खाली प्रत्येकी ९५ लिटरच्या दोन टाक्या आहेत. त्या दोन्ही काठोकाठ भरल्या आणि पिण्यासाठी दहा लिटरचा एक वेगळा डबा आत ठेवला.

या टप्प्यावर नवख्यांसाठी थोडे सांगते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे टाक्या भरल्या की १९० किलो वाढतात. कॅरव्हॅनचे एकूण वजन तिच्या मर्यादेत आहे की नाही, हे पाणी भरून वजनकाट्यावर पाहावे. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या टोकावर असावा, म्हणजे मागचे घर वाऱ्याने डोलत नाही. जड सामान चाकांच्या जवळ, खाली ठेवावे. आम्ही दोघे दिवसाला वीस लिटरमध्ये स्वयंपाक, भांडी आणि अंग पुसणे भागवतो; आंघोळ रोडहाऊसवर, म्हणजे महामार्गावरच्या पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाच्या ठिकाणी, पैसे देऊन मिळाली तर करतो. या हिशेबाने आमच्याकडे नऊ-दहा दिवसांचे पाणी होते आणि वाट चार दिवसांची होती. तरीही त्या रात्री मी दोनदा उठून टाक्यांचे मापक पाहिले, हे खरे आहे.

तिसरा दिवस : पेनाँगच्या पवनचक्क्या आणि माय-लेकरे

सेडूनापासून सत्तरेक किलोमीटरवर पेनाँग लागते. जमिनीखालचे पाणी वर काढण्यासाठी एके काळी या गावाने पवनचक्क्यांवर भिस्त ठेवली होती, आणि आता जुन्या पवनचक्क्या एका मैदानात जपून उभ्या केल्या आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या चक्कीच्या पात्यांचा व्यास ३५ फूट आहे. वारा आला की सगळ्या चक्क्या वेगवेगळ्या सुरांत कुरकुरतात. मला आमच्या मळ्यातला रहाट आठवला आणि मी तिथून लवकर निघू शकले नाही.

नलारबोर हा शब्द लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा अर्थ 'एकही झाड नाही' असा आहे. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचे हे पठार म्हणजे चुनखडीची एक प्रचंड सपाट शिळा आहे. इथे पाऊस कमी पडतोच, पण जो पडतो तो चुनखडीच्या भेगांतून खाली गुहांत उतरतो, त्यामुळे पठारावर एकही नदी वाहत नाही. आमच्या माणदेशात पावसाची वाट पाहावी लागे. इथे पडलेला पाऊसही जमिनीवर थांबत नाही. रस्ता ज्याच्या नावाने ओळखला जातो तो एडवर्ड जॉन आयर १८४१ मध्ये या किनाऱ्याने चालत गेला, तेव्हा वाळूच्या टेकड्यांत कुठे खणले म्हणजे गोडे पाणी लागते हे त्याला इथल्या आदिवासींनीच दाखवले होते. पुढे जेव्हा तेही मिळेना तेव्हा त्याने पहाटे झुडपांच्या पानांवरचे दव स्पंजाने टिपून भांड्यात पिळले. आमच्या कॅरव्हॅनमध्ये नळ सोडल्यावर पाणी येत होते, आणि त्या वाचलेल्या गोष्टीमुळे प्रत्येक वेळी तो नळ मी अर्धाच सोडत होते.

नलारबोर रोडहाऊसच्या थोडे अलीकडे डावीकडे 'हेड ऑफ बाइट'चा फाटा आहे. ही यालाटा आदिवासी समुदायाची जमीन आहे. तिकीट काढून लाकडी पायवाटेने कड्याच्या टोकापर्यंत जाता येते. मे ते ऑक्टोबर या काळात सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे अंटार्क्टिकाकडच्या थंड समुद्रातून इथे पिल्लांना जन्म देण्यासाठी येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, वारा बोचरा होता आणि खाली निळ्या पाण्यात, कड्याच्या इतक्या जवळ की त्यांचा श्वास ऐकू यावा, नऊ माद्या आपापल्या पिल्लांसह पहुडल्या होत्या. मोजणी यांनी केली. मी मोजणे सोडून दिले होते. एक पिल्लू पुन्हा पुन्हा आईच्या पाठीवर चढत होते आणि घसरत होते, आणि आई उलटी होऊन दोन्ही परांमध्ये त्याला धरत होती. या महिन्यांत आई जवळजवळ काही खात नाही. अंगातल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिल्लाला दूध पाजते. संथ पोहतात आणि मेल्यावर तरंगतात, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांना मारण्यासाठी 'योग्य', इंग्रजीत 'राइट', देवमासे ठरवले आणि त्यांचे नावच तसे पडले. त्यांच्या शिकारीवर १९३५ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. माझ्या शेजारी उभी असलेली एक परिचारिका, तीही निवृत्त, डोळे पुसत होती. तिने तीस वर्षे प्रसूतिकक्षात काम केले होते. आम्ही दोघी अडीच तास तिथे उभ्या होतो आणि आमच्यात जेमतेम दहा वाक्ये बोलली गेली असतील.

ऑगस्टमध्ये इथे जाणाऱ्यांनी कानटोपी, वाराप्रतिबंधक जाकीट आणि दुर्बीण जवळ ठेवावी, आणि किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. तासाभरात परत फिरणारी माणसे आम्ही पाहिली आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटले.

रात्री रोडहाऊसच्या आवारात मुक्काम केला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर ताजी फळे, भाज्या, मध, बी-बियाणे काहीही नेता येत नाही, त्यामुळे उरलेले बटाटे, गाजरे, फ्लॉवर आणि कांदे यांची एक मोठी रस्साभाजी केली आणि मोड आलेल्या मटकीची उसळ केली. एवढे अन्न दोघांचे नव्हते. शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये ती परिचारिका आणि तिचा नवरा होता. तो व्हिक्टोरियातला गव्हाचा शेतकरी. त्यांना जेवायला बोलावले. शेतकऱ्याने भाकरीचा तुकडा हातात घेऊन पीठ कशाचे आहे ते विचारले, आणि ज्वारीचे आहे म्हटल्यावर आपल्याकडे ती जनावरांसाठी पेरतात हे सांगताना तो थोडा संकोचला. मग त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

चौथा दिवस : कडे, सीमा, आणि रिकामी टाकी

सकाळी निघाल्यावर रस्ता समुद्राच्या कडेने जातो. बुंडा कडे साठ ते एकशेवीस मीटर उंचीचे आहेत आणि जमीन सुरी फिरवावी तशी तिथे संपते. पुढे फक्त दक्षिणेचा समुद्र. पाहण्याच्या अधिकृत जागांवरच थांबावे, कारण कडा आतून पोखरलेला असतो आणि वाऱ्याचा झोत अचानक येतो. आम्ही एका ठिकाणी खडीच्या वाटेने बराच आत गेलो. ती चूक होती, पण ती संध्याकाळी कळली.

सीमेवरच्या तपासणी नाक्यावर एका तरुण अधिकाऱ्याने फ्रिज, कपाटे, अगदी पलंगाखालचा कप्पाही उघडून पाहिला. विसरलेली तीन लिंबे आणि कढीपत्त्याची एक पुडी त्याने अदबीने काढून घेतली. मिसळणाच्या डब्यातल्या प्रत्येक वाटीत काय आहे ते मी त्याला सांगितले आणि त्याने सगळे ऐकून घेतले. नाक्यावर रांग असते, त्यामुळे पिशव्या आधीच रिकाम्या करून ठेवाव्यात.

पुढे बारा किलोमीटरवर युक्ला आहे. इथले घड्याळ वेगळेच आहे : ॲडलेडच्या मागे पाऊण तास आणि पर्थच्या पुढे पाऊण तास, म्हणजे भारताच्या सव्वातीन तास पुढे. मी दहिवडीला धाकट्या बहिणीला फोन केला. तिथे सकाळचे दहा वाजले होते आणि दारात टँकर आल्याचा गलबला मागून ऐकू येत होता. ऑगस्टमध्ये टँकर. आम्ही दोघी क्षणभर काही बोललो नाही.

युक्लाच्या खाली समुद्राकाठी १८७७ मध्ये सुरू झालेल्या तारघराचे अवशेष आहेत. सशांनी वाळू धरून ठेवणारी झुडपे खाऊन टाकली, टेकड्या सुटल्या आणि वाळूने सारी वस्ती गिळली. दगडी भिंतींचे माथे तेवढे वर उरले आहेत.

अंधाराच्या आत थांबायचे हा आमचा नियम आहे. संधिप्रकाशात कांगारू, वॉम्बॅट आणि कधी कधी उंटही रस्त्यावर येतात. मंद्राबिला मागे टाकून थोड्या अंतरावरच्या एका विश्रांतिथांब्यावर आम्ही गाडी लावली. तिथे आणखी पाच कॅरव्हॅन होत्या. मी चहाला पाणी घ्यायला नळ सोडला.

"अहो, पंप नुसताच आवाज करतोय."

हे विजेरी घेऊन खाली शिरले. खडीच्या वाटेवर उडालेल्या दगडाने मागच्या टाकीचा नळीजोड तोडला होता आणि ९५ लिटर पाणी कड्यांपासून इथपर्यंतच्या वाटेवर सांडून गेले होते. पुढची टाकी आम्ही आधी वापरायला काढली होती, आणि दोन्ही टाक्यांमधली चावी यांनी सकाळी उघडी ठेवल्यामुळे तिच्यातलेही बरेचसे गेले. पंचवीस लिटरच्या आसपास तिच्यात उरले होते आणि पिण्याचा डबा भरलेला होता. यांचा चेहरा उतरला. "चावी माझ्याकडून राहिली," एवढेच म्हणून ते तुटलेला जोड काढायला लागले.

मला आश्चर्य वाटले ते स्वतःचे. तीन वर्षे ज्याची भीती बाळगली ते घडले होते, आणि मी शांत होते. आईने १९७२ मध्ये सात माणसांचे घर दोन घागरींवर चालवले होते. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची, खाटेवर बसून आंघोळ करायची, म्हणजे खालच्या पाटीत पडलेले पाणी तुळशीला घालता येते, तांदूळ धुतलेल्या पाण्यात डाळ शिजवायची. हे सगळे माझ्या हातांना आठवत होते. पस्तीस लिटर, दोन माणसे, दोन दिवस. मी वहीत हिशेब मांडला आणि ताटे कागदाने पुसून घ्यायला सुरुवात केली.

इतक्यात शेजारची माणसे जमली होती. संध्याकाळी पाच वाजता खुर्च्या घेऊन गोल बसण्याची या लोकांची रीत आहे, आणि आमच्या खुर्च्या आल्या नाहीत म्हणून ते पाहायला आले. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की आमचे भागेल. कोणी वाद घातला नाही. एकाने यांना नळीचा तुकडा आणि दोन पकडी आणून दिल्या आणि विजेरी धरून तासभर चिखलात पडून राहिला. रात्री दार उघडले तेव्हा पायरीशी पाण्याचे चार डबे ओळीने ठेवलेले होते. कोणाचा कोणता ते कळावे म्हणून एकावर पांढऱ्या रंगात गव्हाची लोंबी काढली होती. तो शेतकरी आणि परिचारिका अंधार पडण्याच्या बेतात त्या थांब्यावर येऊन पोहोचले होते.

पाचवा आणि सहावा दिवस : सरळ रस्ता, मग झाडे

पहाटे आम्ही उठण्यापूर्वीच दोन कॅरव्हॅन निघून गेल्या होत्या, त्यांत लोंबीवाल्यांचीही होती. ज्यांचे डबे परत करता आले त्यांना शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या दिल्या.

माड्युरा खिंडीत रस्ता वर चढतो आणि मागे वळून पाहिले की खालचे मैदान समुद्रासारखे पसरलेले दिसते. वाटेत काही ठिकाणी महामार्गावरच विमानाच्या धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या आहेत. १९२८ मध्ये सुरू झालेल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेची विमाने गरज पडली तर रस्ता थांबवून तिथे उतरतात. आमच्या वयाच्या माणसांना त्या पांढऱ्या रेघा पाहून किती धीर येतो, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. औषधांची यादी, रक्तदाबाच्या गोळ्यांचा महिन्याभराचा साठा आणि डॉक्टरांचे पत्र गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवावे, मागच्या घरात नव्हे.

काइगुनाच्या पश्चिमेला जमिनीत एक छिद्र आहे. खालच्या गुहांमधली हवा हवेच्या दाबाप्रमाणे त्यातून आत ओढली जाते किंवा बाहेर येते. मी त्यावर हात धरला. पठार माझ्या तळहातावर श्वास सोडत होते. काइगुनापासून बॅलाडोनियाकडे १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. इथे गाडी चालवणाऱ्याने दर पाऊण तासाने बदलावे. मागून मोठा ट्रक येत असेल तर गाडीतल्या दुतर्फी रेडिओच्या चाळीस क्रमांकाच्या चॅनेलवर त्याच्याशी बोलावे आणि तो ओलांडत असताना आपला वेग हळूहळू कमी करावा.

बॅलाडोनियाला १९७९ मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाश प्रयोगशाळेच्या अवशेषांचे छोटे संग्रहालय आहे. ती कुठे पडणार या चिंतेने तेव्हा आमच्या गावातही माणसे आभाळाकडे पाहत होती. ती इथे पडली होती. त्यानंतर झाडे सुरू होतात. चार दिवस खुरटी झुडपेच पाहिलेल्या डोळ्यांना सॅमन गम या निलगिरीच्या जातीची तांबूस, तुळतुळीत खोडे पाहून काय वाटते ते गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय कळत नाही. यांनी एका खोडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

नॉर्समनला पोहोचलो तेव्हा आमच्याकडे अकरा लिटर पाणी शिल्लक होते, आणि लोंबीचा डबा न उघडता तसाच भरलेला होता. या गावाचे नाव एका घोड्यावरून पडले आहे. १८९४ मध्ये त्याने टापेने माती उकरली आणि सोने सापडले. सोन्यापाठोपाठ माणसे आली, पण पाणी नव्हते. १९०३ मध्ये अभियंता सी. वाय. ओकॉनर यांच्या योजनेनुसार पर्थजवळच्या धरणापासून काल्गूर्लीपर्यंत पाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकून पाणी आणले गेले, आणि नंतर त्याच योजनेची शाखा नॉर्समनपर्यंत आली. ओकॉनर स्वतः ते पाणी पाहू शकले नाहीत. ते वर्षभर आधीच गेले होते. कॅरव्हॅन पार्कमधल्या नळाखाली मी तांब्या धरला तेव्हा हे पाणी किती दुरून आले आहे, याची मला पूर्ण जाणीव होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे धुण्याच्या खोलीत ती परिचारिका भेटली. मी तिचा डबा परत केला. तिने तो उचलून पाहिला आणि तो भरलेलाच आहे हे लक्षात येताच ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला आईच्या दोन घागरींबद्दल सांगितले, आणि तिने तिच्या आजोबांच्या शेतावरच्या पत्र्याच्या टाकीबद्दल, जिच्यावर ती लहानपणी काठीने टकटक करून पाणी किती उरले ते ओळखायची. कपडे वाळेपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो. तिने शेंगदाण्याच्या चटणीची कृती उतरवून घेतली. आम्ही दक्षिणेला समुद्रकाठच्या एस्परन्स गावाकडे निघणार आहोत हे कळल्यावर तिने त्या गावाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावरची एक मुक्कामाची जागा कागदावर काढून दिली : फाटा, दोन कुंपणे, एक मोठा खडक, मग वाळू. कागदाच्या तळाशी तिने रेघ मारून लिहिले होते, 'दोन्ही टाक्या भरून जा, तिथे नळ नाही. आणि मधली चावी बंद ठेवा.'